जोर कुठून येतो

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे चौथीपर्यंत जेवढं कळलं तेवढंच, आणि त्यातलंही निम्मं भाकऱ्या थापता थापता विसरले. ओळ सरळ धरायला जाते तर ती खाली उतरते. कुणी वाचलंच तर चुकांना हसू नये, एवढी विनंती. खरं तर वाचूच नये अशी विनंती करायची आहे, पण ती कुणाला करणार? वही पिठाच्या डब्यामागे ठेवते.

लिहायला बसले ती नातीमुळे. तिला सातवा महिना आहे. परवा माझ्याजवळ बसून मोबाइलमध्ये काही बघत होती आणि एकदम म्हणाली, "आजी, कळा येतात ते समजलं. पण जोर कधी द्यायचा हे बाईला कसं कळतं? आणि तो जोर येतो कशाने?" मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "येतो आपोआप." ती म्हणाली, "आपोआप म्हणजे कसा?" मी दूध बघायला म्हणून उठून गेले. गॅसवर दूध नव्हतंच. या वयात लाज कसली, असं माझी लेक लता म्हणते. पण मला अशा गोष्टी तोंडाने सांगता येत नाहीत. हाताने जमतं का बघते. जोर कशाने येतो याच्यावरून आमच्या घरात एकदा मोठं भांडण झालं होतं, आणि ते माझ्याच पहिल्या बाळंतपणात झालं.

माझं माहेर पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत. चाळीतल्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत दाराला लागून मोरी, गुडघ्याएवढ्या भिंतीची. आतल्या खोलीत चूल, धान्याच्या कोठ्या आणि वहिनीची पत्र्याची पेटी. घरात कायम ओल्या मेथीचा वास असायचा. दादा दुपारी बाजारातून पालेभाजीचे मोठे गड्डे आणायचा आणि कमलवहिनी ते सोडून त्यांच्या लहान जुड्या बांधायची, ओल्या सुतळीने, एका हाताने धरून दुसऱ्या हाताने गाठ मारत. तिचे हात बघत राहावेत असे चालायचे. पाणी शिंपडल्याचा आवाज, सुतळी ओढल्याचा आवाज, गल्लीतून रिक्षा आली की भिंतीला चिकटणाऱ्या यात्रेकरूंची आरडाओरड, आणि पहाटे दादाच्या हातगाडीचं एक चाक कुरकुरत घाटाकडे जायचं. तेल घाल म्हणून अण्णा रोज सांगायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. दादा रोज "घालतो" म्हणायचा.

आई मी चौथीत असताना गेली. तेव्हाच माझी शाळा सुटली. आईच्या पायात चांदीचे जाड तोडे होते. ती चालली की घरात कळायचं, कुठल्या खोलीत आहे ते. ती गेल्यावर ते तोडे मी पुन्हा पाहिले नाहीत. पुढे दादाचं लग्न झालं, वहिनी आपली पेटी घेऊन आली, पेटीला पितळी कुलूप होतं आणि किल्ली तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात असायची. ती आंघोळीलाही काढायची नाही. आईचे तोडे त्या पेटीत आहेत असं मला पहिल्यांदा आत्याने सांगितलं. आत्या सायखेड्याला राहायची. अण्णांची थोरली बहीण. गावातल्या कितीतरी बायकांची बाळंतपणं तिने केली होती, म्हणून माझ्यासाठी तिला मुद्दाम बोलावलं होतं. आली त्याच दिवशी तिने मला जवळ घेऊन हळूच विचारलं, "पेटी कधी उघडी पाहिलीस का गं, सुमे?" मी मान हलवली. "मंग काय हाय त्यात? तुझ्या आईचे तोडे असतील, नायतर तुझ्या वहिनीला लपवायला काय लागतं?"

एवढं पुरलं. त्यानंतर वहिनी जे करील त्यात मला काहीतरी दिसायला लागलं. तिने बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला की वाटायचं, आज एवढं का? नाही ठेवला की वाटायचं, बघा. शेवग्याच्या पाल्याची भाजी ती माझ्यासाठी वेगळ्या कढईत करायची, तिखट कमी म्हणून. मी त्यातली थोडी दादाच्या ताटात वाढायची आणि त्याने पहिला घास घेईपर्यंत थांबायची. तिची दोन्ही पोरं तिने माझ्या बाळंतपणासाठी आजोळी पाठवली होती. त्यातही मला संशय, की घरात साक्षीला कुणी नको म्हणून. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिची नजर. मी उठले, बसले, मोरीकडे गेले, पाणी प्याले, की ती जुड्या बांधता बांधता मान वर करून बघायची. बोलायची मात्र नाही.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी. आत्याने मला आतल्या खोलीत नेऊन गोधडीवर बसवलं, चूल पेटवली आणि दुपारपासून "दे जोर, दे जोर" सुरू केलं. मी देत होते. म्हणजे श्वास कोंडून, दात आवळून, आत्या सांगेल तसं करत होते. पण मला आतून काहीच सांगत नव्हतं की जोर दे म्हणून. कळ यायची, कंबर मोडायची आणि निघून जायची. दारात लोटलेला दगड कुणी ढकलायला सांगावा आणि हातच दगडापर्यंत पोचू नयेत, असं वाटत होतं. आता वाटतं, त्या दुपारी मी माझं निम्मं बळ उगीच घालवलं.

मधेच वहिनी आली आणि कानाशी म्हणाली, "ताई, लघवी करून घ्या. मी धरते तुम्हाला." मी म्हणाले, "झाली." झाली नव्हती. मोरी बाहेरच्या खोलीत. मोरीला लागून दार, आणि दाराबाहेर पायरीवर अण्णा, दादा आणि शेजारचे बाप्ये बिड्या ओढत बसलेले. मला आधीपासूनच मोरीत बसताना तांब्याने पाणी ओतत राहायची सवय, आवाज ऐकू जाऊ नये म्हणून. आज तर तांब्याही धरवत नव्हता. ती लाज एक, आणि दुसरं म्हणजे हे वहिनी सांगत होती. थोड्या वेळाने ती पुन्हा आली. "ताई, बसून तरी बघा." मी म्हणाले, "झाली म्हटलं ना." तिसऱ्यांदा आली तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती आणि आत्याने सकाळीच बजावलं होतं, की तिन्हीसांजेला अडलेल्या बाईने मोरीत पाऊल टाकू नये, तिथं काहीबाही असतं. नेमक्या त्याच वेळी ही मला मोरीत का नेते? मी भिंतीकडे तोंड केलं.

आत्या घाबरली होती हे मला आज कळतं. तेव्हा ती चिडल्यासारखी दिसत होती. तिने माझं पोट चाचपलं, उठून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "घरात गाठ हाय कुठंतरी. त्याबिगर पोर असं अडायचं नाय. सोडा सगळं."

हे आमच्याकडे होतंच. बाई अडली की घरातली कुलपं काढायची, डब्यांची झाकणं उघडायची, गाठी सोडायच्या, बायकांनी केस मोकळे करायचे. घर मोकळं तर कूस मोकळी. आत्याने माझी वेणी सोडली, स्वतःचा अंबाडा सोडला. वहिनीने केस सोडले. पिठाचे, डाळीचे, मसाल्याचे सगळे डबे उघडे झाले. गोधड्यांचं गाठोडं सुटलं. कोपऱ्यात टांगलेली लसणाची माळ सुटली. आत्या दारात जाऊन ओरडली, "तुमच्यापाशी गाठी असतील त्या बी सोडा!" बाप्यांनी नक्की काय काय सोडलं ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मग आत्याची नजर जुड्यांवर गेली. दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी वहिनीने दुपारभर बांधून ठेवलेल्या मेथीच्या, कोथिंबिरीच्या, शेपूच्या जुड्या, भिंतीला लावून ओल्या गोणपाटाखाली. एकेका जुडीला एकेक गाठ.

"ह्या?" आत्या म्हणाली.

दादा दारातून म्हणाला, "आत्या, त्या उद्याच्या बाजाराच्या आहेत. सुटल्या तर सकाळपर्यंत लोळागोळा होईल. कुणी घेणार नाही."

"बहीण मोठी का मेथी?"

वहिनी खाली बसली आणि सोडायला लागली. बांधायला दुपार गेली होती, सोडायला वेळ लागला नाही. हिरवा ढीग खोलीभर पसरला. मी पडल्या पडल्या बघत होते. एक अख्खा बाजार ती हाताने मोडत होती. कुणालाही वाटेल, की आता तरी मला तिची माया कळली असेल. नाही. माझ्या मनात आलं, एवढं निमूट सोडतेय म्हणजे मोठी गाठ दुसरीकडे आहे.

आत्याच्याही तेच मनात आलं असावं. "आता पेटी," ती म्हणाली.

वहिनी उठली. "पेटी नाही."

"काय म्हणालीस?"

"पेटी माझ्या बापाने दिलीय. तिचा ह्यात काही संबंध नाही."

"पोरगी मरायला टेकली अन् तू संबंध काढतीस? किल्ली दे, कमळे."

"नाही द्यायची."

"मंग म्हण ना तोंडाने, काय हाय आत! माझ्या भावजयीचे तोडे हायेत का नाय?"

बाहेर अण्णा खोकले. दादा आत येऊन म्हणाला, "कमल, दे ना किल्ली. काय असायचं त्यात? उघड आणि झाक." वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं, की तो मागे सरकला. सगळं घर उघडं होतं, मीठसुद्धा उघडं, आणि तेवढं एक पितळी कुलूप चुलीच्या उजेडात चमकत होतं. मला पुन्हा कळ आली आणि त्या कळेत मी ओरडले, "वहिनी, उघडा ना!" मला खरंच वाटत होतं, की माझं बाळ त्या पेटीत अडकलंय.

वहिनीने पेटी उघडली नाही. तिने माझं पोट पदर बाजूला करून एकदाच पाहिलं आणि दादाला म्हणाली, "रिक्षा आणा. डॉक्टरबाईंकडे न्यायचं." आत्या म्हणाली, "मी असताना?" वहिनी म्हणाली, "तुम्ही पण चला." दादा पळाला. आत्या मला उठवून बाहेरच्या खोलीत घेऊन आली, आणि तेवढ्यात आतलं दार लागलं. वहिनी आत एकटी. आणि मी कान देऊन ऐकलं. कुलूप उघडलं. थोडा वेळ गेला. कुलूप लागलं. आत्याने माझा दंड दाबला. तिनेही ऐकलं होतं.

दवाखाना जवळच होता, बाजारात दादाच्या गाडीवर भाजी घेणाऱ्या एका डॉक्टरबाईंचा. तिथल्या सिस्टर वयाने मोठ्या, आवाजाने त्याहून मोठ्या. त्यांनी तपासलं आणि आत्याला विचारलं, "हिला जोर लावायला कोणी सांगितलं?"

"मी. दुपारधरनं."

"पिशवीचं तोंड पुरतं उघडलं नव्हतं, आजी. अजून थोडं राहिलंय. उगीच दमवलीत पोरीला." मग माझ्या ओटीपोटावर हात ठेवून म्हणाल्या, "लघवी कधी केली?"

पायांकडून वहिनीचा आवाज आला. ती माझे पाय धरून उभी होती. "सकाळपासून नाही. मी लक्ष ठेवून होते."

नजर ठेवून होती हे माझं खरंच होतं. कशावर, तेवढं चुकलं होतं.

आत्या सिस्टरशी वाद घालायला लागली तेव्हा तिला बाहेर बाकावर बसवलं. वहिनीला राहू दिलं. सिस्टरने रबरी नळी घातली. ते मी लिहीत नाही. लाजेने नाही, आठवत नाही म्हणून. एवढं आठवतं, की घमेल्यात आवाज सुरू झाला तो थांबेना, आणि मी हातांनी तोंड झाकलं, आणि सिस्टर म्हणाल्या, "एवढं धरून ठेवलं होतंस? अगं, ही लघवीची पिशवी फुगून पुढ्यात बसलेली. बाळाने डोकं खाली आणायचं कुठून?"

मग त्यांनी मला जोर लावायचा नाही म्हणून सांगितलं आणि कुशीवर निजवलं. दोन-चार कळा तशाच गेल्या. आणि मग ते आलं. नातीला सांगायचं होतं ते हेच. कळ मला येत होती. हे मला आलं नाही, ह्याने मला नेलं. ओकारी कशी आपल्याला विचारून येत नाही, तशी ही उलट दिशेची ओकारी. आधी तर मला वाटलं, की संडासला लागली. आता इथं, वहिनीसमोर, ह्या बाईसमोर! मी पाय आवळले आणि सगळं रोखून धरायला लागले. घाम फुटला.

"काय होतंय?" सिस्टर म्हणाल्या.

मला सांगता येईना. वहिनी माझ्या तोंडाशी वाकली, तिने काय ओळखलं कोण जाणे, आणि सिस्टरला म्हणाली, "त्यांना परसाकडे लागल्यासारखं होत असेल. मला व्हायचं तसं."

"तेच ते!" सिस्टर म्हणाल्या. "डोकं खाली येऊन बसलं, की खालच्या अंगावर असा दाब पडतो. आतड्याला वाटतं आपलंच काम निघालं. तो दाब पडला, की अंग आपणहून ढकलतं. त्याला कुणी सांगावं लागत नाही. आता नको रोखूस, बाई. आता तुझा जोर आहे."

मी वहिनीकडे बघितलं. ती म्हणाली, "लाजू नका, ताई. मी तिकडं बघते." आणि तिने खरोखर खिडकीकडे तोंड फिरवलं. हात मात्र सोडला नाही. मी पाय सोडले. त्यानंतर मी काही केलं असं मला म्हणता येत नाही. माझ्या हातून झालं. लता झाली.

आत्याने शेवटपर्यंत हार मानली नाही. "नळी नं फिळी," ती सायखेड्याला सगळ्यांना सांगायची, "पेटी उघडली म्हणून पोर सुटलं. मी कानांनी ऐकलंय." सिस्टरचं म्हणणं वेगळं, आत्याचं वेगळं. मी आत्यासमोर मान हलवायची. पुढं माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला मात्र कळा सुरू झाल्या तशी मी तासातासाला मोरीत जाऊन बसले, बाहेर कोण बसलंय न बघता.

घरी परतले तर चाळीतल्या प्रत्येक दारातून मेथीचा वास. सुटलेला माल वहिनीने घरोघर वाटला होता. दादा लताला हातात घेऊन म्हणाला, "आल्या आल्या मामाचा एक बाजार खाल्ला हिने."

त्याआधी दवाखान्यातच, दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी खाटेजवळ बसली होती. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाली, "ताई, इथले पैसे मी भरलेत, पेटीतले. तुमच्या दादांना सांगितलंय, की बाईंनी ओळखीवर सोडले. तसंच राहू द्या." मी काही म्हणायच्या आत तिने पुढचं सांगितलं. "पण ते माझे आहेत. मला परत पाहिजेत. घाई नाही, पण पाहिजेत." पहिलं बाळंतपण माहेरचं, त्याचे पैसे लेकीकडून कुणी मागत नाही. ती मागत होती, डोळ्यात डोळे घालून. मी हो म्हणाले, आणि त्याच क्षणी मनात आलं, हे आईचे तोडे मोडून आलेले तर नाहीत ना? तसं असेल, तर मी माझ्याच आईचे पैसे हिला देणार. तिला विचारायचं धाडस झालं नाही. ज्या हाताने माझा हात धरला होता त्याच हाताबद्दल मी असा विचार करत होते.

सासरी आम्ही नाशिक रोडला भाड्याच्या खोलीत राहायचो. माझ्याकडे माझे म्हणावेत असे पैसे वर्षातून एकदाच यायचे, भाऊबीजेला माहेरी गेले की. मी दादाला ओवाळायची, तो ताटात नोट टाकायचा, आणि मी ताट घेऊन आत गेले, की ती नोट वहिनीच्या हातात ठेवायची. दादाची ओवाळणी अशी दोन पावलांत त्याच्याच बायकोकडे पोचायची. त्याला हे कधी कळलं नाही. तो इकडे डॉक्टरबाईंना उपकाराची फेड म्हणून मेथीची जुडी फुकट देत राहिला, आणि त्या बिचाऱ्या का म्हणून न विचारता घेत राहिल्या.

वहिनी नोट घ्यायची, उजेडात धरून बघायची आणि म्हणायची, "अजून आहेत बरं का." मी म्हणायची, "माहीत आहे." ती विसरली नाही आणि मीही विसरले नाही. एका वर्षी मला वाटलं, ती जास्त सांगतेय. तिला वाटलं, मी कमी धरतेय. आम्ही दोघी चुलीपुढे बसून बोटांवर मोजत राहिलो आणि शेवटी दोघींचं तेच निघालं, तेव्हा दोघींनाही हसू आलं. लता दारात उभी राहून विचारत होती, "मामी, आई का हसते?"

शेवटची नोट दिली तेव्हा लता शाळेत जायला लागली होती. बाहेर दादा आणि पोरं फटाके लावत होती. वहिनीने नोट घेतली, उजेडात धरली, घडी घातली. मग गळ्यातला काळा दोरा बाहेर काढला आणि पेटीसमोर बसली. मी शेजारीच होते. नुसती मान वाकवली असती, तरी आत काय आहे ते दिसलं असतं. तोडे असते तर चमकले असते.

तिने किल्ली लावली, थांबली आणि माझ्याकडे बघितलं.

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. कुलूप उघडलं, झाकण करकरलं, झाकण पडलं, कुलूप लागलं.

"झालं, ताई," ती म्हणाली. "फिटले सगळे."